घर भाड्याने दिलंय? मग कराचा हिशेब असा करा

बदली होते, मुलांच्या शाळेसाठी दुसऱ्या भागात राहायला जावं लागतं, आई-वडिलांचं घर वारशाने मिळतं, आणि एक फ्लॅट रिकामा पडतो. एजंट भाडेकरू आणतो, अॅग्रीमेंट होतं, महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पैसे येऊ लागतात. जुलै उजाडला की प्रश्न पडतो: हे भाडं रिटर्नमध्ये दाखवायचं का?

दाखवायचंच. आणि हिशेब नीट केला तर भाड्यावरचा कर बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. अनेक निवृत्त माणसांच्या बाबतीत तर तो शून्यच असतो आणि तरी ती बिचारी वर्षानुवर्षं धास्तावलेली असतात. मात्र कर कमी निघण्यासाठी लागणारे कागद जुलैमध्ये तयार करता येत नाहीत. त्यांची सुरुवात भाडेकरू आत येण्याआधीच करावी लागते, म्हणून हा लेखही तिथूनच सुरू करतो.

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात मिळालेल्या भाड्यासाठी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. घरभाड्याच्या हिशेबाची मूळ पद्धत मात्र तीच आहे, त्यामुळे कलमांच्या आकड्यांत अडकून पडू नका.

पहिली पायरी: अॅग्रीमेंट

‘अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात अजूनही सर्रास ऐकू येतं. ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय उद्या भाडेकरूशी वाद झाला आणि करार नोंदवलेला नसला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं मानून कायदा पुढे चालतो, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मला वाटतं, दंडापेक्षा याचीच काळजी जास्त करावी.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्यांच्या बेरजेवर लागतं. समजा एक वर्षाचा करार आहे, भाडं महिना २०,००० आणि डिपॉझिट एक लाख. वर्षाचं भाडं २,४०,०००, डिपॉझिटवरचं मानीव व्याज १०,०००, बेरीज अडीच लाख. शुल्क निघतं ६२५ रुपये. वर नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशन होतं, आधार आणि अंगठा घेऊन काम घरबसल्या उरकतं.

करात उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी याच करारात लिहून घ्या. एक, घराच्या सर्व मालकांची नावं आणि भाडं कोणाच्या खात्यात जमा होणार. दोन, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार. आयकरात मेंटेनन्ससाठी वेगळी वजावट लिहिलेली नाही. तुम्ही मेंटेनन्स धरून २८,००० भाडं घेतलं आणि त्यातले ३,००० सोसायटीला दिले, तरी कागदावर तुमचं भाडं २८,००० दिसतं. भाडेकरू मेंटेनन्स थेट सोसायटीला भरेल असं कलम घातलं की भाडं २५,००० च राहतं. तीन, डिपॉझिट किती, कोणत्या बँक व्यवहाराने आलं आणि ते परत करायचं आहे ही नोंद. परत करायचं डिपॉझिट हे तुमचं उत्पन्न नाही. पण ते मुदत ठेवीत ठेवून मिळालेलं व्याज तुमचं उत्पन्न आहे, आणि ते ‘इतर उत्पन्ना’त दाखवावं लागतं.

भाडं आणि डिपॉझिट बँकेतूनच घ्या. एका माणसाकडून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसतो. मुंबईतल्या मोठ्या डिपॉझिटांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा.

दुसरी पायरी: सोसायटी आणि घरपट्टी

सोसायटीला करार होताच कळवा. घरात तुम्ही राहत नसाल तर सोसायटी बिगर-वापर शुल्क लावते. बिलावर ते ‘नॉन ऑक्युपन्सी चार्जेस’ नावाने येतं. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सेवा शुल्क मोजताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात. बिल हातात आलं की दहा टक्क्यांचा हिशेब स्वतः करून बघा आणि जास्त असेल तर लेखी विचारा.

घरपट्टीचा नियम शहरागणिक वेगळा. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. भाडेकरू ठेवला की ती तुम्हाला लागू राहत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे, त्यामुळे तिथल्या लहान फ्लॅटवाल्यांना पुढच्या हिशेबात घरपट्टीची वजावट उरत नाही.

घरपट्टीची पावती जपून ठेवा. आयकरात तिची वजावट मिळते, पण दोन अटींवर: ती मालकाने भरलेली असावी आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली असावी. नुसतं बिल आलं म्हणून वजावट नाही. मागची थकबाकी या वर्षी भरली असेल तर ती याच वर्षी वजा होते. भाडेकरूने भरली असेल तर तुम्हाला काहीच मिळत नाही.

तिसरी पायरी: उत्पन्न नक्की कोणाचं?

भाडं ज्याच्या खात्यात येतं त्याचं उत्पन्न, असा बऱ्याच जणांचा समज असतो. कायदा मालक कोण ते बघतो. घर तुमच्या एकट्याच्या नावावर आणि पैशावर असेल, तर भाडं बायकोच्या खात्यात वळवलं म्हणून ते तिचं होत नाही. घरच तिला बक्षीसपत्राने दिलं तरीही कराच्या हिशेबात मालक तुम्हीच राहता. अल्पवयीन मुलाच्या नावावर केलं तरी हाच नियम. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलं तर मात्र पुढचं भाडं त्यांचं.

दोघांनी पैसे घालून घर घेतलं असेल आणि हिस्से ठरलेले असतील, तर भाडं, घरपट्टी आणि कर्जाचं व्याज त्या-त्या हिश्शाने वाटलं जातं आणि प्रत्येकाने आपापल्या रिटर्नमध्ये आपला भाग दाखवायचा. वारशाच्या घरात भावंडांनी हे आधीच बसून ठरवावं. एकट्या थोरल्या भावाने सगळं भाडं दाखवलं की बाकीच्यांना दिलेल्या पैशांवरचाही कर त्याच्याच बोडक्यावर बसतो.

चौथी पायरी: प्रत्यक्ष हिशेब

हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

कोथरूडमधला फ्लॅट, भाडं महिना २५,०००. वर्षाचे झाले ३,००,०००. मालकाने वर्षात घरपट्टी भरली १२,०००. उरले २,८८,०००. याला निव्वळ वार्षिक मूल्य म्हणतात. यातून सरसकट ३० टक्के वजा होतात, म्हणजे ८६,४००. उरले २,०१,६००. घरावर कर्ज नसेल तर हाच आकडा तुमच्या एकूण उत्पन्नात मिळवायचा.

ते ३० टक्के नीट समजून घ्या. रंगकाम, प्लंबिंग, गीझर बदलणं, एजंटचं कमिशन, विमा, करार करायचा खर्च हे सगळं त्यात आलं. तुम्ही खर्च एक रुपयाही केला नसला तरी ३० टक्के मिळतात, आणि दोन लाखांचं किचन नवं करून दिलं तरी ३० टक्केच मिळतात. बिलं जोडायची नाहीत, जास्तीचं काही मागायचंही नाही. सतत दुरुस्ती लागणाऱ्या जुन्या घराच्या मालकाला हे अन्यायाचं वाटू शकतं. नव्या इमारतीतल्या फ्लॅटच्या मालकाला मात्र ते चांगलंच परवडतं.

कर्ज असेल तर वर्षाचं व्याज पूर्ण वजा होतं. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाला वरची मर्यादा नाही. वरच्या उदाहरणात व्याज दीड लाख असेल तर करपात्र उत्पन्न उरतं फक्त ५१,६००. बँकेकडून व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिलमध्येच मागून घ्या. त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दिलेलं असतं. मुद्दलाची फेड इथे वजा होत नाही. ताबा मिळण्याआधी भरलेलं व्याज असेल तर ते ज्या वर्षी बांधकाम पूर्ण झालं त्या वर्षापासून पाच समान हप्त्यांत घेता येतं. बरेच जण हे विसरतात आणि मिळणारी वजावट सोडून देतात.

आता व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर? समजा व्याज ४,२०,०००. मग २,०१,६०० वजा ४,२०,००० म्हणजे २,१८,४०० चा तोटा. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाख पगारातून किंवा इतर उत्पन्नातून वजा होतात आणि उरलेले १८,४०० पुढची आठ वर्षं घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतात. नव्या करप्रणालीत हा तोटा पगारातून वजा करता येत नाही. कर्ज मोठं आणि नवं असेल तर प्रणाली निवडताना एवढ्या एका मुद्द्यावर सगळा निकाल फिरू शकतो.

वर्षातले काही महिने घर रिकामं राहिलं असेल तर मिळालेलंच भाडं धरायचं. पण ओळखीच्यांना, नातेवाइकांना नाममात्र भाड्याने दिलं असेल तर सावध. त्या भागात त्या घराला २०,००० येऊ शकत असतील आणि तुम्ही ५,००० घेत असाल, तर कायदा अपेक्षित भाडं धरू शकतो. पागडीच्या जुन्या घरांना इथे दिलासा आहे: भाडे नियंत्रण कायद्याने ठरलेल्या प्रमाण भाड्यापेक्षा अपेक्षित भाडं जास्त धरता येत नाही.

स्वतःसाठी ठेवलेली दोन घरं शून्य मूल्याची धरता येतात. पुण्यात एक, गावाला एक, आणि तिसरं बंद ठेवलेलं असेल तर त्या तिसऱ्यावर भाडं न मिळताही अपेक्षित भाड्याचा कर लागतो. कुलूप लावून ठेवलेल्या तिसऱ्या घराचं गणित एकदा जरूर मांडून बघा.

भाडेकरूने भाडं बुडवलं तर ते वजा करता येतं, पण तो घर सोडून गेलेला असावा किंवा त्याला काढण्याची पावलं तुम्ही उचललेली असावीत, तुमच्या दुसऱ्या घरात तो राहत नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर प्रयत्न केलेले असावेत किंवा ते निरर्थक ठरले असते हे दाखवता यावं. पाठवलेल्या नोटिशीची प्रत इथे कामी येते. तीच थकबाकी पुढे कधी मिळाली तर मिळाली त्या वर्षी करपात्र, तीही ३० टक्के वजा जाता.

पाचवी पायरी: नवी प्रणाली की जुनी?

नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर सांगावं लागतं. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. शेअरच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ही सवलत लागू नाही.

निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घ्या. पेन्शन वर्षाला सहा लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ५,२५,०००. त्यात वरच्या कोथरूडच्या फ्लॅटचे २,०१,६००. एकूण ७,२६,६००. बारा लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. भाडं लपवून त्यांनी काहीच वाचवलं नसतं, आणि दाखवल्यामुळे झोप शांत लागते.

आता पंधरा लाख पगार असलेला घरमालक. प्रमाणित वजावटीनंतर १४,२५,०००. भाड्याचे २,०१,६०० त्यावर आले. त्यातले १,७५,००० पंधरा टक्क्यांच्या टप्प्यात, उरलेले २६,६०० वीस टक्क्यांच्या. ४ टक्के उपकर धरून भाड्यामुळे वाढलेला कर सुमारे ३२,८०० रुपये. तीन लाखांच्या भाड्यावर साधारण अकरा टक्के. ‘भाड्यातले तीस टक्के सरकारच घेतं’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावा.

सहावी पायरी: टीडीएस आणि आगाऊ कर

भाडं महिना ५०,००० पेक्षा जास्त असेल तर नोकरदार भाडेकरूलाही २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ आधी हा दर ५ टक्के होता. तो वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या किंवा भाडेकराराच्या शेवटच्या महिन्यात कापला जातो. भाडेकरूकडून फॉर्म १६सी, म्हणजे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, मागून घ्या. कंपनीने घर भाड्याने घेतलं असेल तर महिना ५०,००० च्या वर १० टक्के कापले जातात. कापलेली रक्कम तुमच्याच नावाने जमा असते. रिटर्नमध्ये ती वळती करून घ्यायची. पॅन दिला नाही तर दर वीस टक्के.

टीडीएस नसेल आणि वर्षाचा देय कर दहा हजार किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. उशीर झाला की महिन्याला एक टक्का व्याज. साठ वर्षांवरच्या, धंदा नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे. नोकरदारांना सोपा मार्ग म्हणजे ऑफिसला भाड्याचं उत्पन्न लेखी कळवणं. मग तेवढा कर पगारातूनच कापला जातो आणि तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

सातवी पायरी: रिटर्न

भरायला बसण्याआधी आयकर पोर्टलवर जाऊन वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्या. टीडीएस कापला गेला असेल तर तो तिथे दिसतो. भाडेकरू नोकरदार असेल आणि वर्षाला एक लाखाहून जास्त भाड्यावर एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची, सवलत घेत असेल, तर त्याला तुमचा पॅन ऑफिसात द्यावा लागतो. म्हणजे तुमच्या भाड्याची खबर त्याच्या ऑफिसमार्फतही पोचू शकते. हेच आई-वडिलांना भाडं देऊन एचआरए घेणाऱ्या मुलांनाही लागू: भाडं बँकेतून द्या आणि आई-वडिलांच्या रिटर्नमध्ये ते दिसू द्या.

पगार किंवा पेन्शन आणि एका घराचं भाडं असेल तर बहुतेकांना आयटीआर-१ पुरतो. भांडवली नफा किंवा परदेशातली मालमत्ता असेल तर बहुधा आयटीआर-२. निवासी घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवून जास्त खर्च वजा करायची वाट २०२४ च्या अर्थसंकल्पाने बंद केली आहे. मुदत ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंब शुल्कासह भरता येतं: पाच हजार, आणि उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार.

दुकान, पीजी आणि जीएसटी

कुटुंबाला राहायला दिलेल्या घरावर जीएसटी नाही. दुकान किंवा ऑफिसचा गाळा असेल आणि तुमची वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांवर गेली तर नोंदणी करून १८ टक्के लावावा लागतो. तुम्ही नोंदणीकृत नसाल पण भाडेकरू असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या, भाडेकरूला मात्र त्यातून पुढे वगळलं गेलं. पीजी चालवणाऱ्यांसाठी माणशी महिना वीस हजारांपर्यंत आणि सलग किमान नव्वद दिवस मुक्काम असेल तर सूट आहे.

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी

दुबईत किंवा न्यू जर्सीत राहून डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तरी भाड्यावर भारतात कर लागतोच. इथे ५०,००० ची मर्यादा नाही. भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर धरून ३१.२ टक्के कापायचे असतात, आणि त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक, लागतो. भाडेकरूंना हे माहीतच नसतं, म्हणून करार करतानाच तुम्ही अनिवासी आहात हे लिहा. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या बँक खात्यात, घ्या. कापलेला कर प्रत्यक्ष देय करापेक्षा बहुधा जास्तच असतो. रिटर्न भरून परतावा घ्या, किंवा कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून आधीच मिळवा.

मागची वर्षं दाखवायची राहिली असतील तर

अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, आता संबंधित आकारणी वर्ष (म्हणजे त्या आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतो. कर आणि व्याजावर जादा रक्कम लागते: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं भाडं राहिलं असेल तर ३१ मार्च २०२७ पर्यंत २५ टक्क्यांत सुटका होते. २०२१-२२ चं असेल तर त्याची शेवटची तारीखही तीच, पण ७० टक्क्यांनी. यात परतावा मागता येत नाही. आणि विभागाने आधी पकडलं तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के, मुद्दाम लपवल्याचं ठरलं तर २०० टक्के. म्हणून जुन्या वर्षांचे करार, बँक स्टेटमेंट आणि घरपट्टीच्या पावत्या गोळा करा, सगळ्यात अलीकडचं राहिलेलं वर्ष आधी भरा, आणि मग एकेक करत मागे जा.